पप्पाची वाडी

“पप्पा, रस्त्यात कुठे तुझं दुसरं घर आहे का?”

हा प्रश्न माझा नव्हता. दहावीच्या सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन आम्ही तिघी मैत्रिणी डहाणू रोड स्टेशनबाहेर बर्फाचा गोळा खात होतो. तेव्हा नयन म्हणाली, लांबच्या फेऱ्या मारणाऱ्या डायवरांचं वाटेत एक घर असतंच, तिच्या मामीला पक्कं ठाऊक आहे. किंजल लगेच म्हणाली, “क्रांती, दम असेल तर विचार तुझ्या पप्पाला.” आणि वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरी आल्यापासून माझ्या दमाबद्दल कुणी शंका घेतली की मला राहवतच नाही. त्याच दिवशी जेवताना विचारून टाकलं.

पप्पा मोठ्याने हसला. जरा जास्तच मोठ्याने. आईचा भाकरी थापणारा हात मात्र परातीत थांबला.

“आहे ना,” पप्पा म्हणाला. “एक नाही, चांगली तीन आहेत.”

“मग दाखव,” आई म्हणाली.

“अगं, मस्करी केली.”

“मी नाही केली. सतरा वर्षं ऐकतेय. तो उदेपूरच्या पुढचा भंवर असा, त्याची बायको तशी, नर्मदेचा पूल एवढा, कुतुबमिनार तेवढा. मी कुठवर गेलेय? वापीपर्यंत. तेही बारशाला.”

आमच्यात बायको नवऱ्याला ‘अहो’ वगैरे म्हणत नाही, त्यामुळे भांडण सुरू झालं की ते अगदी बरोबरीचं होतं. पप्पा म्हणाला, गाडीत धूळ असते. आई म्हणाली, मला धूळ नवीन आहे का. पप्पा म्हणाला, झोपायचे हाल होतात. आई म्हणाली, मग तू सतरा वर्षं काय उभा झोपतोस?

पप्पा घोलवडच्या एका शेठचा आयशर टेम्पो चालवतो. इथून चिकूचे खोके भरून दिल्लीच्या मंडईत न्यायचे, येताना जो मिळेल तो माल आणायचा. आई त्याच शेठच्या वाडीत चिकू उतरवते. जाळी लावलेला लांब बांबू घेऊन सकाळभर झाडाखाली, आणि दुपारी शेडमध्ये धुणं, निवडणं, खोके भरणं. दिवाळीत क्लीनर गावी गेला होता. शेठ म्हणाले, ने बायको-पोरीला, माल वेळेवर पोचला म्हणजे झालं.

पप्पाला आनंद व्हायला हवा होता. तो आशागडच्या आमच्या घराच्या पायरीवर बसून उगाच चपलेचा अंगठा ओढत राहिला.

निघायच्या आदल्या दिवशी आईने नेहमीसारखा, वाटेत पप्पा ज्यांच्याकडे थांबतो त्या भंवरकाकांचा खोका वेगळा भरला. हे ती आठ वर्षं करतेय. चिकूला नखाने हलकंसं खरवडायचं. आतून हिरवा दिसला तर कच्चा, पिवळसर दिसला तर उतरायला तयार. त्यातूनही तिसऱ्या दिवशी पिकणारे कोणते, हे तिला हातात धरून कळतं. मला आजवर कळलेलं नाही. मला सगळे बटाट्यासारखेच दिसतात.

पहिला थांबा तलासरी, म्हणजे घरातून निघून तास झाला नाही तोच. तिथे शुक्री फुई राहते, पप्पाची मोठी बहीण. तिने आईच्या केसांत फूल माळलं आणि सुक्या बोंबलांची पिशवी हातात दिली.

“फुई, तिकडे सगळे शाकाहारी आहेत!” मी म्हटलं.

“मग त्यांना नका देऊ. तुम्ही खा. आणि काय गं वर्षा, एवढी नटलीस ती दिल्ली बघायला की सवत बघायला?”

आई हसली. पण गाडीत बसल्यावर मला म्हणाली, “प्रश्न तू विचारलास आणि जीव माझा टांगणीला लागला.”

अच्छाडचा नाका मागे पडला आणि गुजरात लागलं. मी खिडकीशी, आई मधे. प्रत्येक नदीला ती नाव विचारायची आणि हात जोडायची. नर्मदेवर तर तिने पप्पाला गाडी हळू करायला लावली. मागून ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून पूल डोक्यावर घेतला, तरी तिने नमस्कार सावकाश पुरा केला. उदेपूरच्या अलीकडे डोंगर सुरू झाले तेव्हा म्हणाली, “हे तर आपल्या जव्हारसारखंच आहे की! एवढं लांब कशाला आलो?” मी इतकी हसले की मला उचकी लागली. पप्पा हसला नाही. जसजसे आम्ही भंवरकाकांच्या गावाजवळ जात होतो, तसतसा तो गप्प होत होता.

शेवटी म्हणाला, “वर्षा, तिथे फार बोलू नकोस हं. त्यांना मराठी नाही येत.”

“मला हिंदी येते.”

“तरी पण.”

आईने माझ्याकडे बघितलं. नयनच्या मामीचं खरं निघालं तर?

हायवेपासून आत, विहीर आणि सीताफळांची झाडं असलेलं घर. अंगणात फेटा बांधलेले पांढऱ्या मिशांचे भंवरकाका धावत आले, पप्पाला मिठी मारली आणि ओरडले, “आ गए! वाडीवाले सेठ आ गए! और सेठानी भी!”

मी मागे वळून बघितलं. वाटलं, आमच्या मागून अजून कुणी येतंय.

मग खाटेवर गोधडी पडली. भंवरकाकांच्या म्हाताऱ्या आईने माझ्या आईला हाताला धरून त्या खाटेवर बसवलं. केसरकाकी, म्हणजे भंवरकाकांची बायको, ताक घेऊन आली. आणि त्यांच्या बोलण्यातून हळूहळू सगळं उलगडलं. आठ वर्षांपूर्वी पप्पाची गाडी इथे बिघडली होती, वर त्याला ताप भरला होता. यांनी चार दिवस त्याला घरात ठेवून घेतलं. तेव्हा पप्पाने यांना सांगितलं होतं की घोलवडला त्याची स्वतःची चिकूची वाडी आहे. गाडीही स्वतःचीच. डायवर पळून गेला म्हणून चालवतोय. त्यानंतर दर फेरीला खोका आला, आणि खोक्याबरोबर वाडी वाढत गेली.

पप्पाचे कान लाल झाले होते. तो ताकाच्या पेल्यात असा बघत होता की जणू आत काही लिहिलंय.

माझं तोंड उघडलंच होतं. खरं सांगते, मी बोलणार होते. माझं भाषणच तयार होतं.

तेवढ्यात केसरकाकीने आईला विचारलं, “कितने पेड़ हैं, भाभी?”

आईने पदर सावरला. पप्पाकडे बघितलंही नाही.

“दो सौ चालीस,” ती म्हणाली.

मग ती बोलायलाच लागली. “एक झाड है, उसको हम सासू बोलते. लाल मुंगी इतनी है उसपे, जो पास जाये उसको काटती. पर फल सबसे मीठा. एक है लंगडी, वो तूफान में झुक गयी. सब बोले काट डालो. मैं बोली, नहीं. अभी दो साल से भर-भर के देती. और कोने में एक मास्तरीण है, एकदम सीधी, मेरे से बडा बांबू लगता उसको.” रात्री वटवाघळं कोणत्या झाडावर येतात, कोणत्या झाडाचा चीक हाताला चिकटला की तेल लावल्याशिवाय निघत नाही, पावसात बी पोखरणारी अळी लागली तर फळ वरून कसं दिसतं. भंवरकाकांची आई हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. भंवरकाका तर शेतकरी माणूस, ते मधेमधे प्रश्न विचारत होते आणि आई असं उत्तर देत होती की मला वाटलं, ही माझी आई नाहीच. घरी ही बाई दोन वाक्यांत दिवस संपवते. ही सोळा वर्षं त्या झाडांखाली आहे हे मला माहीत होतं. त्यांची नावं तिने ठेवलीत हे माहीत नव्हतं.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, ती एकही शब्द खोटं बोलली नाही. ‘माझी वाडी’ असं ती एकदाही म्हणाली नाही.

निघताना भंवरकाका म्हणाले, “इस सर्दी में हम आएँगे. सासू का चीकू अपने हाथ से तोड़ेंगे.”

“या ना,” आई म्हणाली. चक्क मराठीत. तेवढ्यावरून मला कळलं की ती हादरलीय.

गाडी हायवेला लागली.

“मला आधी सांगायचं होतंस,” आई म्हणाली.

“सांगितलं असतं तर तू आली नसतीस.”

“आले असते. गप्प बसले असते.”

पप्पा पुढचा रस्ता बघत म्हणाला, “नुसता डायवर म्हटलं ना वर्षा, की चहा गाडीपाशी आणून देतात. घरात नाही बोलवत. तेव्हा मला ताप होता, मी घाबरलो होतो.”

मला माझंच आठवत होतं. आठवीत नवीन शाळेत आले तेव्हा मी किंजलला सांगितलं होतं की पप्पाचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस आहे. दोन वर्षं तेच चालवलं. तिने घरी यायचं म्हटलं की मी कारणं सांगायचे. या जूनमध्ये एकदाचं खरं सांगितलं, तर ती म्हणाली, “मला माहितीये की. तुझा पप्पा आमच्या गल्लीत टेम्पो वळवतो, एकदम भारी वळवतो.” बस, एवढंच. दोन वर्षं मी ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

दिल्लीत माल उतरला. कुतुबमिनार बघितला. आई म्हणाली, “उंच आहे,” आणि तिथल्या झाडाला कसलं फळ धरलंय ते बघत राहिली. इंडिया गेटसमोर तिघांनी फोटो काढला, त्यात पप्पा आईच्या बाजूला उभा आहे पण दोघांच्या मधून एक पूर्ण कुटुंब जाताना दिसतं. परतीचा माल वेगळ्या रस्त्याचा होता. भंवरकाकांचं गाव वाटेत आलं नाही, आणि पप्पा सुटल्यासारखा शिट्टी वाजवत गाडी चालवत होता. आईशी तो पुन्हा बोलायला लागला होता. एका ढाब्यावर तर दोघांनी माझ्यासमोर एकाच ताटात खाल्लं.

घरी येऊन तीन आठवडे झाले आणि भंवरकाकांचा फोन आला. पप्पाने स्पीकरवर टाकला होता.

“सेठ, टिकट हो गया! दिसंबर का आखिरी हफ्ता. हम चार जने. अम्मा भी आएगी, बोलती है भाभी के पेड़ देखे बिना नहीं मरूँगी.”

फोन ठेवून पप्पा तसाच जमिनीवर बसला. मग म्हणाला, “सांगून टाकतो. वाडी विकली.”

आई तांदूळ निवडत होती. “कुणाला विकली?”

“कुणाला तरी.”

“माझी झाडं? एका फोनवर?”

“मग काय सांगू? मी दुसऱ्याची गाडी चालवतो आणि माझी बायको मजुरीला जाते, असं?”

“हो. तसंच आहे ना?”

“वर्षा, तिथे म्हातारीने तुला हाताला धरून खाटेवर बसवलं.” पप्पाचा आवाज बारीक झाला. “सोळा वर्षांत शेठच्या ओट्यावर एकदा तरी बसलीस तू? तुला कुणी ‘बस’ म्हटलं? मी खोटं बोललो. पण एक घर आहे ना आपलं, जिथे आपण खाटेवर बसतो. तेही घालवू?”

आई तांदळातला एकच खडा बोटाने इकडून तिकडे करत राहिली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, नक्की कुणाचा ते कळत नव्हतं. पप्पाचा तर नव्हता. मोठ्या माणसाला एका खाटेसाठी आठ वर्षं घाबरत राहावं लागलं, याचा असेल.

मी पप्पाच्या हातातून फोन घेतला.

“दोघंही ऐका. मी ठरवलंय. उद्या सकाळी, भंवरकाका म्हशीचं दूध काढून मोकळे झाले की मी त्यांना फोन करणार आहे. वाडी शेठची आहे, हे सांगणार. पप्पा गाडी चालवतो, आई चिकू उतरवते, आणि आठ वर्षं त्यांच्याकडे जो खोका गेला त्यातलं एकेक फळ आईने हातात धरून निवडलेलं आहे, हेही सांगणार. पप्पा, तुला तेव्हा ताप होता आणि तू घाबरलास, हे तू सांग. ते माझं काम नाही. तू शेजारी बसशील तर बरं. नाही बसलास तरी मी फोन करणारच. शेठना वाडी दाखवायचं विचारायला मी स्वतः घोलवडला जाते, आईने कशाला विचारायचं? आणि भंवरकाकांना म्हणणार, तिकीट रद्द करू नका. आले तर आपल्याच घरी राहतील. म्हातारीला माझी कॉट देते, मी खाली झोपेन.”