पाव फेरा जास्त

शववाहिकेवर दात्याचं नाव एवढं मोठं रंगवलं होतं की 'वातानुकूलित' हा शब्द मागच्या दारावर ढकलावा लागला. ड्रायव्हर विनोद. एसीचा मेकॅनिकही तोच, कारण दुसऱ्या माणसाची तरतूद नव्हती. एसीचा जुना गॅस आता मिळत नाही, म्हणून त्यानं नवा भरला होता. प्रेशरचा स्विच मात्र जुन्याच गॅसच्या मापाचा. त्यामुळे कंप्रेसर सारखा मधेच बंद पडे. आजवर कोणत्याही प्रवाशानं तक्रार केली नव्हती.

एप्रिलच्या त्या सकाळी गडचिरोलीच्या दवाखान्यातून पत्रूच्या बायकोला, सुकरीला, त्या गाडीत ठेवलं.

"पोरगी तेलंगणात मिरची तोडाले गेली, भाऊ," पत्रू म्हणाला. "संध्याकाळी येते. आमच्या घरी मायच्या तोंडाले हळद पोरगीच लावते. तवरक टिकन ना?"

"न टिकाले का झालं?"

विनोदनं बॉनेट उघडलं, स्विचवरचा बारीक स्क्रू पाव फेरा ढिला केला. कंप्रेसर सलग चालू लागला. मागं गार हवा आली.

"अजून थोडं थंड कर ना, भाऊ. उन्हातच जल्म गेला तिचा."

पाव फेरा पुरे होता, हे विनोदला ठाऊक होतं. पण पत्रूचं तोंड पाहून नाही म्हणवेना. त्यानं आणखी पाव फेरा दिला.

बाराला गाडी गावात पोचली, मोहाच्या झाडाखाली इंजिन चालूच ठेवून उभी राहिली. बाया आळीपाळीनं मागच्या दाराशी टेकल्या.

"मेल्यावर सुकरीचे चांगले दिवस आले व," एक जण म्हणाली. कोणी हसलं नाही. जागाही सोडली नाही.

दोनला हवा मंदावली. स्क्रू कमीच ढिला झाला असेल, असं समजून विनोदनं तो अजून फिरवला. मग हवा थांबलीच. तीनला बाया आपणहून दूर जाऊन बसल्या. नाकाला पदर होते.

विनोदनं आतलं झाकण काढलं. कॉईलवर बोटभर जाड बर्फ. हवेला जायला वाटच नव्हती.

"काऊन, बंद पडला का?" पत्रूनं विचारलं.

"नाई, पत्रूभाऊ. लय थंड झाला."

बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं. बर्फ वितळायला तास लागणार होता. सुकरीला तेवढा वेळ नव्हता. पत्रूनं तिचं तोंड झाकलं आणि कापडाला वरून गाठ मारली.

पोरगी, करिश्मा, पाचला आली. हात मिरचीनं भाजलेले. हळदीची वाटी घेऊन ती बसली, गाठीला हात घातला.

"सोडू नको, पोरी," पत्रू म्हणाला.

"तोंड नाई पाहू का मी?"

"ते आता तुह्या मायचं नाई राह्यलं."

तिनं हळद कापडावरूनच लावली. नाक कुठं, कपाळ कुठं, बोटानं चाचपत. विनोद गाडीआड उभा राहिला.

माती देऊन झाल्यावर विनोदनं स्क्रू मोजून पहिल्या पाव फेऱ्यावर मागं आणला. कंप्रेसर लागला. रिकाम्या स्ट्रेचरवर गार हवा सुटली, ती गडचिरोलीपर्यंत एकदाही थांबली नाही.