गोडेलीव्ह नावेत बसली तेव्हा

मी रोझा बोलतेय. बेल्जियममधल्या ब्रुग शहराच्या कालव्यांतून पाहुण्यांना फिरवणारी उघडी नाव. शेल्डे नदीकाठच्या कारखान्यात माझा सांगाडा उभा राहिला. हेर्विगने मला पाण्यात उतरवलं आणि स्वतःच्या आईचं नाव दिलं.

हेर्विग माझा मालक आणि नावाडीही. चार भाषा बोलायचा आणि चारही भाषांत थापा मारायचा. बुटक्या पुलाखाली शिरताना म्हणायचा, "इथे राजांनाही वाकावं लागलं, तुम्ही कोण लागून गेलात?" लोक हसत माना खाली घालायचे. वर बघेपर्यंत पाण्याला टेकलेल्या विटांच्या भिंती, पायऱ्यांसारखे चढत जाणारे घरांचे माथे आणि त्यांच्यामागे घंटाघराचा मनोरा समोर यायचा. रोज पाहूनही माझं मन भरलं नाही.

त्याची बायको गोडेलीव्ह धक्क्यावरच्या खोपटात तिकिटं द्यायची. लहानपणी ती कालव्यात पडली होती. तेव्हापासून तिने नावेत पाऊल ठेवलं नव्हतं.

एका हिवाळ्यात हेर्विगच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी त्याला वाचवलं, पण आवाज गेला. गळ्यात श्वासापुरतं छिद्र राहिलं.

सीझन सुरू झाला तेव्हा बाकीच्या नावाड्यांच्या सल्ल्याने त्याने माहिती सांगणारं यंत्र बसवलं. यंत्र बोलायचं, हेर्विग सुकाणू धरून समोर बघायचा आणि लोक फोनमध्ये डोकं घालायचे. एकदा एका आजीबाईंनी त्याला राजहंसांविषयी काहीतरी विचारलं. त्याने ओठ हलवले. यंत्र मात्र सनावळ्या सांगत राहिलं. आजीबाई ओशाळल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या. त्याच संध्याकाळी त्याने मला 'विकणे आहे'ची पाटी बांधली.

जवळच्या गेंट शहरातून एक गिऱ्हाईक आलं. माझ्या फळ्या ठोकून पाहत होतं, तेवढ्यात गोडेलीव्ह खोपट बंद करून आली. आधी एक फेरी मारून बघा, असं तिने त्याला सांगितलं, धक्क्यावरच्या चार पाहुण्यांनाही बोलावलं आणि स्वतः माझ्यात उतरली. माझी कड तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली. हेर्विग ताडकन उठला.

"बस खाली," ती म्हणाली. "तू चालव. बोलायचं मी बघते."

यंत्र तिने बंद केलं. पहिल्या वळणावर तिने एक हात कडेवरून सोडवून काठाकडे दाखवला. मग म्हणाली, "हे चर्च कोणी बांधलं ते मला ठाऊक नाही. पण त्या हिरव्या खिडकीत माझी मावशी लेस विणायची, आणि खालून जाणाऱ्या देखण्या नावाड्यांना फुलं टाकायची. याला कधी टाकली नाहीत."

धाड! हेर्विगने माझ्या तळावर पाय आपटला.

"बरं, एकदा टाकली होती," गोडेलीव्ह म्हणाली. "कुंडीसकट."

सगळ्यांच्या हसण्याने मी डुलले. मग हेच चालू झालं. ती सांगायची, तिचं चुकलं की तो पाय आपटायचा, ती वाद घालायची आणि पाहुणे बाजू घ्यायचे. उतरताना गेंटच्या त्या माणसाने किमतीचा विषयच काढला नाही. शहराबाहेरच्या दाम गावाला जाणारी रविवारची फेरी किती वाजता सुटते ते विचारलं. बायकोला आणायचं म्हणाला.

दामच्या वाटेवर दोन्ही काठांना वाऱ्याने एका बाजूला कललेली पॉप्लरची उंच झाडं आहेत. तिथे गोडेलीव्ह बोलायचं थांबते. मागे हेर्विगकडे बघते आणि तो वेग कमी करतो. इतकी माणसं वाहिली मी, पण तिथे कोणी उगाच बोललेलं मला आठवत नाही.

आता मी म्हातारी झाले. माझी धडधडणारी मोटर काढून विजेवर चालणारी बसवली आहे. ती इतकी शांत चालते की जे कधी ऐकू येत नव्हतं ते येऊ लागलंय. हेर्विग हसतो तेव्हा त्याच्या गळ्यातून नुसता वारा येतो, फुंकर मारल्यासारखा. पाहुण्यांना तो कळत नाही. गोडेलीव्हला कळतो, तो आला की ती पुढचं वाक्य क्षणभर थांबवते.

कधी माझ्यात बसलात, तर पोटभर हसा. फक्त हसून झाल्यावर लगेच बोलू नका. त्याचं हसू तुमच्यामागून येत असतं.