घरी सोडले

“सही केलीस तू?” जिने चढून आलेल्या तिने धापा टाकतच विचारलं.

“केली,” दादाच्या खाटेशी बसलेली वहिनी म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, घरी न्या, तिथं त्यांना बरं वाटेल. डॉक्टर कशाला खोटं बोलतील?”

ती त्याच हॉस्पिटलात बावीस वर्षं रेकॉर्ड-कारकून होती. त्या कागदावर काय छापलंय ते तिला पाठ होतं : ‘नातेवाइकांच्या इच्छेने घरी सोडले.’ कमी मृत्यूदराच्या हॉस्पिटलांच्या यादीत पहिलं यायचं, हे नव्या अधीक्षकांनी मनावर घेतलं होतं. तेव्हापासून पेशंट हाताबाहेर गेला की हा कागद पुढे यायचा. फाटकाबाहेर जिवंत गेलेला माणूस हॉस्पिटलच्या आकड्यात मरत नसे. महिन्याचा तक्ता तीच करायची, मान खाली घालून.

दादा ॲम्ब्युलन्समध्येच गेला, फाटकापासून दुसऱ्या वळणावर. वहिनी बराच वेळ त्याचे पाय चोळत राहिली.

दहा दिवसांनी ती कामावर आली तेव्हा दादाचा केसपेपर टेबलावर होता. तिने तो ‘घरी सोडले’च्या रकान्यात स्वतःच्या हाताने चढवला. मग वर्षभराचे तसले सगळे केसपेपर काढले. दादाचा सोडून एकसष्ट निघाले. रोज दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ती एकेका घरी फोन करू लागली.

“हॉस्पिटलातून बोलतेय. तुमच्या आई आता कशा आहेत?”

“आता विचारताय होय? वरातीमागून घोडं!” एकाने फोन आपटला. दुसरी नुसतीच रडली.

महिन्याभराने ती आकड्यांचा कागद घेऊन अधीक्षकांपुढे उभी राहिली. “साहेब, साठ घरांशी बोलले. चौपन्न जण महिन्याच्या आत गेले. एकतीस तर त्याच दिवशी.”

“बाई, लोकांच्या घरी मेलेली माणसं मोजणं आपलं काम आहे का?”

“ती इथंच मरत होती, साहेब. आपण फक्त दार उघडलं.”

“तुमच्यावर प्रसंग आलाय, समजू शकतो मी,” असं म्हणत त्यांनी कागद खणात टाकला.

पंधरवड्यात सर्वांत कमी मृत्यूदराचं मानपत्र आलं. काचेच्या चौकटीत, दर्शनी भिंतीवर. फोटोसाठी सगळ्यांना बोलावलं, तिला सोडून. तिची बदली चादरींच्या कोठीत झाली होती.

एकसष्टावा फोन तेवढा कधी लागलाच नव्हता. कोठीतून तिने तो पुन्हा लावला. एका म्हाताऱ्याने उचलला.

“बायको ना? गेली हो. त्याच संध्याकाळी. विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच. कसं झालं ते सांगू का?”

आता लिहून घ्यायला तक्ता नव्हता, की दाखवायला कुणी नव्हतं.

“सांगा, काका,” ती म्हणाली, आणि घड्या केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर टेकली.