एर्नोची नदी आणि मोजणीदार

आधीच सांगून ठेवते, मला ओरडायची सवय आहे. गीझी म्हणते, पिरी कुजबुजली तरी खाली बंदरावर ऐकू जातं. पण त्या बुधवारी आमच्या इस्रायलमधल्या, हैफाच्या वृद्धाश्रमात ओरडत नव्हतं कोण? स्वयंपाकघरात खसखशीचा केक चालला होता, एर्नोचा कोट तीन बायका तीन बाजूंनी घासत होत्या, आणि जेवणघरातल्या मोठ्या पडद्यावर अर्ध्या तासात जर्मनीतलं कोर्ट दिसणार होतं! आमच्या एर्नोची साक्ष!

सगळ्याला सुरुवात झाली त्याच्या आदल्या गुरुवारी, त्या कागदांनी.

एर्नो लेफ्कोविच आमच्यातला सगळ्यात शांत माणूस. वय एक्क्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं, दोन्ही कानांत यंत्रं. तीस वर्षं तो हैफाच्या शाळांमधून पोरांना सांगत आला, की तेराव्या वर्षी बव्हेरियातल्या छावणीत त्याच्यावर काय गुदरलं. त्याचं ते बोलणं जर्मनीत कुणी तरी पुस्तिका करून छापलं. ती पुस्तिका पडली रीड्ल नावाच्या एका निवृत्त मोजणीदाराच्या हातात. जन्मभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या मेल्याने, म्हातारपणी आमच्या मागे लागला. टेप घेऊन त्या जागी गेला आणि स्वतःची पुस्तिका काढली: साक्षीदार म्हणतो, रोज पहाटे हजेरीला उभं असताना पाठीमागे नदीचा आवाज यायचा. मी स्वतः मोजलं आहे. चार किलोमीटरपर्यंत वाहतं पाणी नाही. हा माणूस खोटारडा आहे, तो तिथे नव्हताच. तो नव्हता, तसं कुणीच नव्हतं. ज्यूंचा संहार वगैरे सगळी रचलेली गोष्ट.

जर्मनीत असं छापणं गुन्हा आहे. खटला भरला गेला, आणि कोर्टाचं बोलावणं, सोबत रीड्लच्या पुस्तिकेतलं ते पान, असे ते कागद त्या गुरुवारी एर्नोच्या हातात पडले. छावण्या होत्या की नव्हत्या हे तिथल्या कोर्टाला कुणी पटवून द्यायला लागत नाही, ते धरूनच चालतात. पण एर्नोला नाव घेऊन खोटारडा म्हटलं होतं, म्हणून साक्ष त्याची. खुब्यामुळे प्रवास नको, म्हणून पडद्यावरून.

कागद वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "घाला त्याला आत!" मी टेबलावर हात आपटला. "पाच वर्षं! दहा!"

"आत घालून काय होणार?" गीझी म्हणाली. गीझी माझी मैत्रीण, आणि मी पूर्व म्हटलं की ती पश्चिम. "कायद्याने खोटं बोलणं थांबत असतं ना, तर माझा दुसरा नवरा जन्मठेप भोगत मेला असता. अगं, तोंडाला कुलूप लावलं की लोकांना वाटतं, आत नक्की काही तरी आहे. भुंकू दे त्याला."

"तुझ्या आईचा तिथे धूर झाला! आणि तो म्हणतोय, धूरसुद्धा नव्हता!"

"माझ्या आईला मी ओळखते. त्याच्या दाखल्याची गरज नाही मला."

"आणि शाळेतल्या पोरांना? ती वाचतील त्याचं!"

"मग पोरांना सांगा! पोलिसांना कशाला?"

आमचं असं जुंपलेलं असताना एर्नो मात्र ते पान पुन्हा पुन्हा वाचत होता. शेवटी हळूच म्हणाला, "पण नदी होती. पिरी, तूही होतीस की तिथे, बायकांच्या बाजूला. सांग ना हिला."

मी चहा सांडल्याचं नाटक केलं आणि फडकं आणायला उठले.

कारण नदी नव्हती. मी तिथे पाच महिने होते. चिखल होता, तारा होत्या, पाइनची झाडं होती. पाण्यासाठी जीव जायचा, आणि नदी असती तर मला कळली नसती? तीस वर्षं एर्नोच्या तोंडून ती नदी ऐकली मी, आणि तीस वर्षं गप्प बसले. म्हटलं, असेल त्याची नदी, माझं काय जातं. आता कळलं काय जातं ते! तो मोजणीदार बाकी सगळ्यात खोटा होता आणि नेमका तेवढ्यात खरा होता.

दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. शनिवारी दुपारी एर्नोला बागेत गाठलं आणि सांगून टाकलं. त्याने कानातलं यंत्र काढलं, बॅटरी तपासली आणि पुन्हा बसवलं.

"हे बघ," मी घाईघाईने म्हटलं, "सांग की नाला होता. पावसाने भरून वाहायचा. नंतर बुजवला."

"होता नाला?"

"नव्हता."

"मग?"

"मग काय मग! तो तिथे हसेल ना रे! सगळ्या जगात छापेल, की बघा, म्हातारा कबूल झाला. आज नदी गेली, उद्या तारा जातील, परवा आपण जाऊ. एक शब्द, एर्नो. तुझं कोण काय मोजणार आहे?"

"तो मोजेल," एर्नो म्हणाला. मग तो बाकावर पुढे वाकून बसला. "पण मी ऐकलीय ती नदी, पिरी. रोज. अजून ऐकतो."

"कुणाच्या तोंडून?" माझ्या तोंडून सहज निघून गेलं. खरंच सहज.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मिकीच्या," तो म्हणाला.

मिकी म्हणजे त्याचा मोठा भाऊ, सतरा वर्षांचा. हजेरीला तासन्‌तास उभं करायचे. जो कोसळला तो संपला. मिकी त्याच्या मागे उभा राहून ओठ न हलवता बोलत राहायचा: डोळे मीट, आपण घरी, हंगेरीत, तिसा नदीच्या काठावर आहोत, ऐक, पाणी ऐक, आता आपल्या पुलाखालून जातंय. रोज पहाटे. जानेवारीपर्यंत. एके दिवशी सकाळच्या हजेरीला मिकी मागे होता, संध्याकाळच्या हजेरीला दुसराच कुणी होता.

"त्याचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे," एर्नो म्हणाला. "तो आवाज होता तेवढाच. आणि मी पोरांना सांगत बसलो, नदी होती म्हणून."

मी रडले. लपवून काय करू? पण डोळे पुसून पुन्हा तेच म्हटलं, की कोर्टात यातलं अक्षर काढू नकोस. आणि संध्याकाळी आम्ही गीझीला सगळं सांगितलं, तर तिने पहिल्यांदाच माझी बाजू घेतली! "म्हणूनच मी म्हणत होते, जाऊच नकोस. तुझी चूक आणि त्याचं खोटं एकाच ताटात वाढतील. आजारी आहे म्हणून कळव."

एर्नोने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चार दिवस आमचा जीव टांगणीला.

तर बुधवार. हैफाच्या कोर्टाकडून नोगा नावाची तरुण वकीलबाई आली, तिने सगळ्यांना बाहेर काढलं. एर्नोला ऐकू कमी येतं म्हणून सोबतीला एकच माणूस, आणि ती मी! काचेच्या दाराला बाहेरून पन्नास नाकं चिकटली होती, सगळ्यात पुढे गीझीचं.

पडदा उजळला. न्यायाधीश बाई. सरकारी वकील. आणि उजवीकडे तो. मला वाटलं होतं राक्षस असेल. नीटनेटका म्हातारा होता, पुढ्यात नकाशांची चळत.

त्याचा वकील उठला. गोड आवाज. "श्री. लेफ्कोविच, आपण नदी ऐकली, असं तीस वर्षं सांगत आहात. माझ्या अशिलाने मोजणी केली आहे. तिथे नदी होती का?"

मी टेबलाखाली एर्नोचा हात इतका दाबला, की त्याची अंगठी मला रुतली. मनात म्हणत होते, नाला म्हण, झरा म्हण, काहीही म्हण!

"नव्हती," एर्नो म्हणाला.

रीड्लने मान वर केली. अहो, फुलला तो! वकिलाने त्याच्याकडे पाहून मान डोलावली. बाहेर गीझीने कपाळावर हात मारून घेतला.

"मी चुकलो," एर्नो म्हणाला, आता मोठ्याने. "नदी माझ्या भावाने सांगितलेली. मी उभा राहावा म्हणून. मोजणी बरोबर आहे तुमची. ज्या पोरांना मी चुकीचं सांगितलं, त्यांच्या शाळांना मी पत्रं लिहिली आहेत. काल टाकली."

मला ठाऊकच नव्हतं! तीन दिवस हा खोलीत बसून पत्रं लिहीत होता!

वकील म्हणाला, "आणखी प्रश्न नाहीत," आणि खुशीत खाली बसला. पण न्यायाधीश बाईंनी विचारलं, साक्षीदाराला आणखी काही सांगायचंय का?

"हो," एर्नो म्हणाला. "श्री. रीड्ल, तुम्ही चार किलोमीटर मोजलेत. चांगलं केलंत. आता एवढंच सांगा. माझा भाऊ मिकी, मिक्लोश लेफ्कोविच, वय सतरा, ऑगस्टमध्ये माझ्याबरोबर त्या दारातून आत गेला. तुमच्या मोजणीत तो कुठे आहे?"

वकील ताडकन उठला, हरकत घेतली. न्यायाधीश बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. आरोपीवर उत्तर द्यायची सक्ती नाही, त्या म्हणाल्या, पण द्यायचं असेल तर देऊ शकतो.

रीड्लने वरचा नकाशा उचलला. खाली ठेवला. खालचा वर घेतला. तोंड उघडलं आणि पाण्याचा पेला ओढला.

मी उभी राहिले, ओरडणारच होते. एर्नोने मला कोपराला धरून खाली बसवलं.

"मला 'चुकलो' म्हणायला सहा दिवस लागले, श्री. रीड्ल," तो म्हणाला. "तुम्हीही वेळ घ्या."

आणि त्याने यंत्र कानात नीट बसवलं, पडद्याकडे वाकला, आणि उत्तराची वाट बघत बसला.