खुर्चीच्या हातावरचे हातमोजे

ज्याच्यापाशी दुसऱ्याचे दुःख विश्वासाने ठेवले जाते, त्याने ते झाकून ठेवावे, हा धर्म आहे. आपले दार दुःखितांसाठी उघडे आहे, हे जगाला कळवावे, हाही धर्मच आहे. परंतु हे दोन धर्म एका घरात नेहमी सुखाने नांदतात असे नाही. ते कसे भांडतात, हे मी फार जवळून पाहिले आहे.

मित्रांनो, मी बर्चच्या लाकडाची एक जुनी खुर्ची आहे. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदरात, दोरखंडांच्या दुकानाच्या वर, तोरून नावाच्या बाईंच्या खोलीत माझे वास्तव्य आहे. एका सुताराने मला पाद्र्याच्या घरासाठी घडवले. माझे हात त्याने मुद्दाम रुंद केले, कारण दुःखी माणसाला हात ठेवायला जागा लागते, असे तो म्हणे. पुढे त्या घराचा लिलाव झाला आणि तोरूनने मला आणले. ती राजधानीतून येथे आली होती. सरकारी दवाखान्यातली नोकरी सोडून तिने मनाच्या दुखण्यांवर बोलून उपचार करण्याचा स्वतंत्र व्यवसाय थाटला होता.

माझे काम सोपे होते. भार घ्यायचा, कुरकुरायचे नाही आणि ऐकलेले पोटात ठेवायचे. लोक माझ्यात बसून रडले, चिडले, कित्येकदा नुसतेच गप्प बसले. जाताना एखादी वृद्धा माझ्या हाताला थोपटून जाई. याहून मोठी प्रशंसा मला ठाऊक नाही.

परंतु येणारी माणसे थोडी होती. आमच्या बंदरात पाठ दुखली तर सर्वांना सांगतात, मन दुखले तर नावेला रंग देत बसतात. तोरूनला खोलीचे भाडे जड जाऊ लागले, आणि तिची धाकटी बहीण सोल्वी फोन उगारून मदतीला धावली.

“ताई, पाटी आता दारावर नाही, फोनवर लावतात. लोकांना खोली दिसू दे. खोली आवडली की माणूस आपोआप येतो.”

“अगं, मी काय हॉटेल चालवते?”

“नाही ना? मग खुर्ची जरा तिरकी कर. अशी सरळ ठेवली की दात उपटतात असं वाटतं.”

मित्रांनो, तेथून माझ्या हालांना प्रारंभ झाला. माझ्यावर मेंढीचे कातडे पसरले गेले, त्यामुळे बसणारा घसरू लागला. शेजारी मेणबत्त्या आल्या. प्रकाश चांगला पडावा म्हणून मला खिडकीकडे वळवले गेले आणि रडायला आलेली माणसे उन्हाने डोळे मिचकावू लागली. दर आठवड्याला सोल्वी नवी उशी आणी, नवा कप आणी, गुडघ्यांवर बसून माझी छायाचित्रे काढी, ती फोनवरून जगाला दाखवी आणि लोकांनी पसंतीखातर पाठवलेली हृदये मोजी. मला हृदये पाठवणाऱ्यांपैकी एकही जण माझ्यात बसायला आला नाही! माझा संताप मी कोणाला सांगणार? खुर्चीने बोलू नये, हे व्रत आहे.

याच दिवसांत गुरुवारी आयलिफ येऊ लागला. तो म्हातारा कोळी होता. त्याची पत्नी बोर्गिल वारली होती. कित्येक गुरुवार तो अंगातला कोट न काढता, लोकरी मोज्यांसकट हात खिशात खुपसून बसे, हवामानावर बोले आणि जाई. तोरून घाई करीत नसे. मग एका गुरुवारी त्याने प्रथमच बोर्गिलचे नाव उच्चारले. डोळे पुसण्यासाठी हात मोकळे हवेत, म्हणून त्याने हातमोजे काढून माझ्या हातावर ठेवले; तोरूनचे लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे होते. तो पुष्कळ बोलला. जाताना मात्र हातमोजे विसरला.

आमच्या बंदरात प्रत्येक विणणारीची नक्षी निराळी असते आणि लोक ती हस्ताक्षरासारखी ओळखतात. बोर्गिल मनगटाभोवती हेरिंग माशांची रांग विणी आणि त्यांतला एक मासा मुद्दाम उलट दिशेने पोहता ठेवी. राजधानीत वाढलेल्या तोरूनला हे कसे ठाऊक असावे? सोल्वीच्या सततच्या सजावटीला ती इतकी सरावली होती की हे हातमोजेही तिनेच दुकानातून आणले असावेत, असे तिला वाटले. छान दिसत होते. तिने माझे छायाचित्र काढले, फोनवर लावले आणि खाली लिहिले, “तुमच्यासाठीही येथे जागा आहे.”

थोड्याच वेळात सोल्वी फोन नाचवीत आली. “ताई, हृदयांचा पाऊस पडलाय! आणि ही कोण बघ, लिहिते, ‘अगं बाई, हे तर बोर्गिलचे मासे! आयलिफ तिथे येतो होय? बरं झालं बिचाऱ्याचं.’”

“हे मोजे तू आणलेस ना?” तोरूनने विचारले.

“मी? मी उशी आणली होती.”

तोरूनने छायाचित्र तत्काळ काढून टाकले. परंतु पाहिलेले डोळ्यांतून कसे काढणार?

पुढच्या गुरुवारी आयलिफ आला आणि दारातच उभा राहिला.

“बाई, माझे मोजे.”

“बसा ना, आयलिफ.”

“बसलो होतो की. अख्ख्या गावानं बघितलं. पावाच्या रांगेत तिघांनी विचारलं, आता बरं वाटतंय का? मला काय ताप आला होता?”

“चूक माझी आहे. सोल्वीनं आणलेत असं मला वाटलं. पण विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही.”

“बोर्गिल असती तर मिरवली असती. तिला कौतुक आवडायचं.” त्याने हातमोजे घातले. “मला नाही आवडत.”

“इथे येऊ नका हवं तर. पण बोलणं सोडू नका. होडीनं पलीकडच्या गावात गेलात तर तिथे माझंच काम करणारे एक चांगले गृहस्थ आहेत, मी त्यांचं नाव आणि फोन नंबर कागदावर लिहून देते.”

“होडीवर सगळं गाव भेटतं. विचारलं तर काय सांगू?”

“काय सांगाल?”

“दाढ दुखते म्हणेन. आणा तो कागद.”

तो माझ्यात बसला नाही. जिन्यावर त्याची पावले उतरत गेली, ती मी ऐकली.

“पण ताई,” सोल्वी हळूच म्हणाली, “त्या फोटोमुळे काही जणांनी वेळ मागितलीये.”

“माहीत आहे गं. म्हणून तर जास्त लाज वाटते.”

त्या दिवशी कातडे, मेणबत्त्या, उशा सर्व खाली गेले. मला खिडकीकडे पाठ करून पूर्ववत ठेवले गेले. आता तोरून फोनवर आपला पत्ता, वेळा आणि कोणत्या दुखण्यात ती साह्य करू शकते, एवढेच लिहिते. चित्र असते ते रस्त्यावरच्या दाराचे. हृदये फारशी येत नाहीत. माणसे सावकाश येतात.

मित्रांनो, तुमच्यापाशी कोणी काही विसरून गेले, तर ते सुंदर आहे म्हणून जगाला दाखवू नका. आधी ते कोणाचे आहे, हे विचारा.

आयलिफने पलीकडे फोन केला की नाही, हे तोरूनला ठाऊक नाही. तिने विचारू नये आणि त्या गृहस्थांनी सांगू नये, हीच या व्यवसायाची रीत आहे. ती पाळताना तिला होणारा त्रास मी पाहते. तिचे मन शांत असो. सोल्वीच्या उत्साहाला सबुरी लाभो. आणि पलीकडच्या गावात जी कोणी खुर्ची असेल, तिचे हात रुंद असोत, तिचे तोंड उन्हाकडे नसो, आणि त्या वृद्धाचा भार तिला हलका वाटो.