ठेकेदार सोफ्यात अडकतो तेव्हा

दोघे भाऊ सोफे दुरुस्त करायचे. दोघंही साठीच्या पुढचे, दोघंही एकटे. पुढे दुकान, मागे राहायची खोली. एकदा थोरल्याने गिऱ्हाइकासमोर धाकट्याच्या शिवणीला 'वाकडी' म्हटलं. धाकट्याने तोंडाला कुलूप घातलं. मग थोरलाही हट्टाला पेटला.

पण धंदा बोलल्याशिवाय कसा चालणार? म्हणून मध्ये मांजर आलं. दुकानातला हा भुरा, गलेलठ्ठ बोका दिवसभर कामावर नजर ठेवायचा आणि स्वतः इकडची काडी तिकडे करायचा नाही. त्याचं नाव ठेकेदार.

"ठेकेदार, सांग त्यांना, फोम संपलाय."

"ठेकेदार, त्यांना म्हणावं, डोळे असतील तर माळ्यावर बघा."

ठेकेदार जांभई द्यायचा. निरोप पोचायचा.

जेवणं झाली की तो आधी थोरल्याच्या पोटावर पसरायचा, नंतर धाकट्याच्या पायांशी. थोरला त्याच्या कानात गाऱ्हाणी घालायचा आणि पलीकडच्या खाटेवरून धाकटा त्यालाच उत्तरं द्यायचा. एकूण बरं चाललं होतं.

एक दिवस एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा सोफा पोचवायचा होता. सोफा उलटा ठेवलेला, खालचं कापड एका बाजूने मोकळं. थोरला ते तसंच टाकून चहाला गेला. धाकट्याने पिना मारून कापड बंद केलं. टेंपो आला, सोफा गेला.

जेवायच्या वेळी ठेकेदार आला नाही. असं आजवर कधी घडलं नव्हतं. थोरल्याने मशीनखाली वाकून पाहिलं, धाकट्याने गाद्यांचा ढीग उपसला. शेवटी थोरला ठेकेदाराच्या रिकाम्या वाटीपुढे उभा राहून म्हणाला, "ठेकेदार, विचार त्यांना, तुला शेवटचं कुठे पाहिलं?"

धाकटाही वाटीलाच म्हणाला, "सांग, सोफ्याच्या आसपास होतास."

दोघांचे चेहरे पांढरेफटक पडले. तेवढ्यात फोन वाजला.

"सोफा दुरुस्त केलात की बिघडवलात?" बाई कडाडल्या. "मी बसले की तो गुरगुरतो!"

दोघं हातातलं टाकून धावले. बाईंच्या घरी थोरल्याने सोफा उलटा केला आणि भराभर पिना उपटायला लागला.

"अरे दादा, असं नाही! कापड फाटेल!"

"फाटू दे! मांजर आत कोंडलंस आणि वर मला शिकवतोस?"

"कापड उघडं टाकून चहाला तू गेलास!"

"मग आत डोकावायला काय झालं होतं?"

"तू सांगितलं असतंस तर डोकावलो असतो!"

"कुणाच्या तोंडून सांगणार? मांजर तर आत होतं!"

"गप्प!" बाई ओरडल्या. दोघंही हाताची घडी घालून उभे राहिले.

त्या शांततेत ठेकेदार बाहेर आला. मिशांना फोमचा भुगा, डोळ्यांत झोपमोड झाल्याचा राग. त्याने अंग ताणलं आणि जमलेल्या मंडळींकडे नापसंतीने पाहिलं. थोरल्याने मटकन खाली बसून त्याला छातीशी धरलं. त्याचे खांदे हलायला लागले.

धाकटा शेजारी बसला. "आहे ना तो धडधाकट. रडतोस काय, दादा?"

"कोण रडतंय? डोळ्यात भुगा गेलाय."

"माझ्याही गेलाय," धाकटा म्हणाला.

बाईंनी चहा टाकला. भावांनी कापड पुन्हा बसवेपर्यंत ठेकेदार बाईंच्या मांडीवर जाऊन बसला होता, आणि त्यांचा चहा गार होत होता. घरी परतताना दोघं भाऊ कित्येक महिन्यांचं तुंबलेलं एकदमच बोलत होते. कोण काय म्हणतंय ते दोघांनाही कळत नव्हतं.

हल्ली दर आठवड्याला बाईंचा फोन येतो. सोफा कुरकुरतोय, बघून जा. भाऊ ठेकेदाराला घेऊन जातात, सोफ्याखाली डोकं घालतात. सोफ्याला काहीही झालेलं नसतं.

"असू दे," बाई म्हणतात. "त्याला इकडे द्या आणि तुम्ही नीट तपासा. घाई नाही."