स्क्रीनिंगच्या आधीचा आठवडा

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा तेजस्विनी घोडेगावच्या मळ्यातल्या घरातून अक्षरशः पळाली. रशियातून डॉक्टरकी शिकून आलेल्या मुलांना इथं रोगी तपासायचे तर आधी दिल्लीला जाऊन एक परीक्षा पास करावी लागते. तिला स्क्रीनिंग म्हणतात. तोवर तापाच्या गोळीची चिठ्ठी लिहायचीही मुभा नसते. ही परीक्षा तेजस्विनी दोनदा नापास झाली होती. पुण्यातला तयारीचा वर्ग संपवून ती दोन दिवस घरी आली, तर ओसरीवर सकाळपासून माणसं. कुणी बीपी बघायला दंड पुढं करी, कुणी रशियात लई थंडी असती का विचारी. तिसऱ्या दिवशी तिनं पुस्तकं पिशवीत भरली आणि फाट्यावरून तळेघरची एसटी धरली.

तळेघरच्या शाळेत निर्मला शिक्षिका होती. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. निर्मला कोंडाबाईच्या घरात एक खोली भाड्यानं घेऊन राहत होती. खिडकीतून भाताची खाचरं दिसायची. सप्टेंबरचा पाऊस पडायचा, थांबायचा, आणि इथं बीपी बघायला कुणी येत नव्हतं.

आधीच्या दोन्ही खेपांना शेवटच्या आठवड्यात तेजस्विनी जाडजूड पुस्तकं पहिल्या पानापासून उघडून बसली होती आणि हृदयाच्या रोगांशीच तिचे दिवस संपले होते. या खेपेला वर्गातल्या, नुकत्याच पास झालेल्या एका मुलीनं तिला बजावलं होतं. आता नवीन काही उघडायचं नाही. मागचे प्रश्न सोडवायचे आणि जिथं चुकलं तेवढंच परत वाचायचं. लसी, औषधांचे डोस आणि हिवताप-क्षयाचे सरकारी कार्यक्रम रोज सकाळी, कारण रशियात ते कुणी शिकवलेलं नाही. चुकलेल्या उत्तराचे मार्क कापत नाहीत, तेव्हा प्रश्न कोरा ठेवायचा नाही. आणि झोप मोडायची नाही.

पहिले दोन दिवस छान गेले. शाळा सुटली की निर्मला प्रश्न वाची, तेजस्विनी उत्तर देई, चुकली की त्या पानाचा कोपरा दुमडे. तिसऱ्या दिवशी सकाळी कोंडाबाई रानात गेली नाही. उंबऱ्याशी एका कुशीवर टेकून बसली होती.

"काय झालं मावशी?"

"काय न्हाई गं. घोडेगावच्या बाजाराला गेले व्हते तवा कंबरंला इंजेक्शन घेतलं. तिथं गळू धरलंय."

तेजस्विनीनं आत नेऊन बघितलं. कुल्ल्यावर लिंबाएवढी गाठ होती, लाल, हात लावू देईना. अंग तापानं भाजत होतं. आत पू झालेला होता आणि तो चीर देऊन काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, हे सांगायला परीक्षेची गरज नव्हती. पण चीर द्यायला ती पास असायला हवी होती.

"कुठल्या डॉक्टरकडं गेला होता?"

कोंडाबाई तिच्याकडं बघतच राहिली. "तुमच्याकडंच की. जीपमधल्या पोरींनी पाटी वाचून दाखवली. म्या म्हनलं, आपल्या मॅडमच्या मैत्रिणीचा दवाखाना, वळखीत जावं. तुमी नव्हता. तिथला बाप्या म्हनला, डॉक्टरीनबाई फोनवर सांगत्यात तसं मी टोचतो."

तेजस्विनीला आधी वाटलं, म्हातारीचा काहीतरी घोटाळा झाला आहे. मग तिनं विचारलं, "दवाखाना कुणाच्या शेजारी?"

"तुमच्या भावाच्या औषधाच्या दुकानाशेजारी. बाजारगल्लीत."

तिचे कान तापले. तिनं पुस्तक मिटलं, निर्मलाला शाळेत निरोप धाडला आणि कोंडाबाईला माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला कोंडाबाई दात आवळून घेत होती.

घोडेगावच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गाठ कापून साफ केली. पट्टी बांधताना त्यांनी विचारलं, "सुई कुणी मारली?"

"ह्यांच्याच दवाखान्यात," कोंडाबाई भोळेपणानं म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. तेजस्विनीनं खालमानेनं नाही, समोर बघून सांगितलं, "माझी स्क्रीनिंग झालेली नाही, सर. माझा दवाखाना नाही. नाव माझं आहे, आणि ते मला न विचारता लावलंय. मी बघून येते."

बाजारगल्लीत तिच्या भावाच्या, सूरजच्या दुकानाशेजारचा गाळा पूर्वी बियाण्यांचा होता. आता त्यावर निळ्या रंगात लिहिलं होतं, डॉ. तेजस्विनी, एम. डी., रशिया. तिच्या पदवीच्या कागदावर ती अक्षरं होती खरी, पण तिथल्या त्या अक्षरांचा अर्थ इथल्या एमबीबीएसएवढाच, आणि तोही परीक्षेनंतर. आत बाकावर तिघंचौघं बसली होती. कोंडाबाईनं सांगितलेला तो बाप्या, गेणू, एका पोराचा दंड धरून सिरिंज भरत होता. पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता, तेवढंच त्याचं शिक्षण.

"खाली ठेव ती," तेजस्विनी म्हणाली.

गेणूनं ठेवली. सूरज दुकानातून धावत आला. वडील, भिमाजी, दुकानात खुर्चीवर बसलेले होते, तेही उठून दारात आले.

"तू अभ्यास सोडून इकडं काय करती?" सूरज म्हणाला.

"माझ्या नावानं माणसं टोचताय तुम्ही."

"हळू बोल. लोकं बसल्यात. सर्दी-तापाची औषधं द्यायची, त्यात काय एवढं? तू पास व्हनारच हायेस. तवर गिऱ्हाइकाला जागेची सवय लागती."

"गिऱ्हाईक? कोंडाबाई आत्ता सरकारी दवाखान्यात पालथी पडलीये. पू निघाला तिच्यातून."

"एखाद्याला व्हतं," सूरज म्हणाला. "तुमच्या मोठ्या डॉक्टरांकडं नाय व्हत?"

या एका वाक्यानं तिचा उरलासुरला संयम सुटला. दोनदा नापास झाल्यावर हाच सूरज जेवताना म्हणाला होता की हिच्या डोक्यात काही राहत नाही. त्या नापास डोक्याचं नाव मात्र त्याला चाललं होतं. ती बाकावरच्या माणसांकडं वळली. "मी तेजस्विनी. मी अजून डॉक्टर नाही. हा माणूस तर नाहीच नाही. सरकारी दवाखान्यात जा, तिथं डॉक्टर आहेत."

माणसं एकमेकांकडं बघत उठली. पोराच्या आईनं त्याची बाही खाली ओढली आणि त्याला घेऊन निघून गेली.

"घरातलं घरात मिटवायचं असतं, तेजू," भिमाजी म्हणाले. "चारचौघांत भावाची अब्रू काढती?"

"आणि माझी, आबा? तुम्ही रोज या पाटीखाली बसत होता. तुम्हाला वाचता येतं."

भिमाजींनी तोंड फिरवलं. शिडी मागितली तर कुणी देईना. तिनं पलीकडच्या पंक्चरवाल्याकडून पक्कड आणली, रिकामा झालेला बाक ओढला आणि त्यावर चढून तारा तोडल्या. पाटी खाली पडली तेव्हा सूरज मागं सरकला, धरायला पुढं झाला नाही. मग ती सरळ सरकारी दवाखान्यात गेली आणि डॉक्टरांसमोर जबाब दिला. गाळा, गेणू, भाऊ, सगळं सांगितलं. खाली सही केली.

कोंडाबाईला घेऊन तळेघरला परतल्यावर तिला एक ओळ वाचवेना. प्रश्न डोळ्यांसमोर असे आणि कानात सूरजचं "एखाद्याला व्हतं". निर्मला म्हणाली, "बसून होत नसेल तर चालत करू." मग दोघी बांधावरून चालत राहिल्या. निर्मला प्रश्न ओरडून विचारी, तेजस्विनी ओरडून उत्तर देई. रागानं तिला गोवराची लस, क्षयाच्या गोळ्यांचे डोस, सगळं ठणठणीत आठवत होतं. कोंडाबाई ओटीवर पालथी पडून ऐकायची आणि उत्तर चुकलं की आवाजावरूनच ओळखायची.

दिल्लीला निघाली त्या दिवशी मंचरच्या स्टँडवर आई एकटीच आली होती. "आबांनी नगं म्हनलं व्हतं यायला," ती म्हणाली. "म्या आले." दशम्या दिल्या, पोरीच्या तोंडावरून हात फिरवला आणि एसटी हलेपर्यंत उभी राहिली.

पेपरात तेजस्विनीनं एकही प्रश्न कोरा ठेवला नाही. निकाल लागला तेव्हा ती पास होती. फार मार्कांनी नव्हे, पण पास. गेणू तोवर पुण्याला निघून गेला होता आणि सूरजला दोनदा चौकशीला जावं लागलं होतं. तरी पेढे त्यानंच वाटले. वर्षाच्या इंटर्नशिपला ती निघाली त्या सकाळी तो म्हणाला, "झालीस ना डॉक्टर? मग तवा थोडं आधी नाव लावलं तर काय बिघडलं व्हतं?"

"कोंडाबाईला विचार," ती म्हणाली.

"तिला काय विचारायचं? बरी झाली ती."

तेजस्विनीनं पिशवी उचलली. त्याला अजूनही कळलं नव्हतं, आणि आपण पास झाल्यामुळं तर ते त्याला कधीच कळणार नाही, या विचारानं तिचं डोकं फाट्यापर्यंत तापलेलंच राहिलं.